वाळूचा ट्रक उतरण्याआधी

मंगळवेढा

चि. अनिकेत यास,


तुझं पत्र आणि सोबतचं टिपण मिळालं. स्कॉटलंडमधल्या कूपरच्या थंडीची दोन पानं मामीला वाचून दाखवली. तिने लगेच स्वेटर विणायला घेतला आहे. मी मात्र रेंगाळलो टिपणाच्या शेवटच्या पानावर. ग्रीन, म्हणजे गोल्फच्या भोकाभोवतीची हिरवळ, बांधताना तळाशी निचऱ्याच्या नळ्या, त्यावर 100 मिलिमीटर खडी आणि त्यावर 300 मिलिमीटर वाळूचा थर, ही अमेरिकी गोल्फ संघटनेची 1960 पासूनची पद्धत. गवतातलं मला ओ की ठो कळत नाही. पण चाळीस वर्षं भीमेच्या वाळूत काढली, त्यामुळे गवताखालचं सगळं ओळखीचं वाटलं.

एक वाक्य मात्र खटकलं. ‘खाली खडी असल्यामुळे पाणी झटकन निघून जातं,’ असं तू लिहिलंस. भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवून वर धर. थोडं पाणी गळेल आणि थांबेल, पण तळाशी बोट दाबलंस तर तो चिंबच असेल. वाळूच्या बारीक फटी पाणी धरून ठेवतात; खडीच्या मोठ्या पोकळ्यांना ते ओढून घेता येत नाही. भार वाढला की मगच जादा पाणी खाली सुटतं. म्हणजे खडी निचरा करते तशीच वर ओलही राखून ठेवते. हे जमतं ते कणांच्या आकारावर. म्हणून तुझ्या टिपणात पाव ते एक मिलिमीटरचे कण किमान 60 टक्के हवेत, गाळ 5 टक्क्यांच्या आत, चिकणमाती 3 टक्क्यांच्या आत, असा काटेकोरपणा आहे. आमच्याकडे मूठभर वाळू हातावर चोळून ‘चालेल’ म्हणायचे. तुझ्या कामात तसं चालणार नाही.

आता खरी गोष्ट. हाच स्पंजाचा खेळ वरच्या दोन-तीन इंचांत झाला तर ग्रीन मेलंच समज. पायाला एक वाळू आणि नंतर टॉपड्रेसिंगला, म्हणजे गवतावर पसरायला, दुसरी वापरली की मध्ये शिवण पडते. पाणी तिथे अडतं, मुळंही तिथेच थबकतात. पायाची वाळू एकदाच येते, टॉपड्रेसिंगची दरवर्षी लागते. तेव्हा तू नुसती वाळू निवडत नाहीस, पुढच्या वीस वर्षांचा पुरवठा निवडतोस. वाळू देणाऱ्या खाणीत तेवढा माल शिल्लक आहे का, हे भावाच्या आधी विचार.

माझ्या स्वतःच्या घराचं प्लास्टर आठवतं? पुरवठादाराने सगळा माल एकाच काठाचा देतो म्हणून शब्द दिला आणि अर्ध्यात दुसरीकडचा गाळमिश्रित माल ओतला. मी गवंड्यांवर विसंबून घरात चहा पीत बसलो होतो. पश्चिमेच्या भिंतीवरच्या भेगा अजून तुझी मामी पाहुण्यांना दाखवते. तेव्हापासून मंजूर नमुन्याची बरणी जवळ ठेवतो आणि ट्रक उतरण्याआधी माल तिच्याशी ताडून पाहतो. तुम्ही प्रयोगशाळेत चाळणी लावालच. ती दर किती मालामागे लावायची आणि नापास ट्रकचं भाडं कोणी सोसायचं, हे करारातच लिहून घ्यायला सांग. ट्रक रिकामा झाल्यावरचं भांडण फुकट असतं.

हिशेबही करून पाहिला. 500 चौरस मीटरच्या एका ग्रीनला 150 घनमीटर, म्हणजे आपले 53 ब्रास. अठरा ग्रीनना साडेनऊशे ब्रासच्या वर! आणि 300 मिलिमीटर हे दाबून बसल्यावरचं माप, म्हणजे मागवायची त्याहून जास्त. मापाने घेतलीस तर ओली वाळू फुगलेली असते. वजनाने घेतलीस तर पाण्याचे पैसे जातात. दोन्हीकडे डोळा ठेव.

तू लिहिलेली जुन्या ग्रीनकीपरची, ओल्ड टॉम मॉरिसची, गोष्ट आवडली. प्रेस्टविकला ग्रीनवर चुकून वाळू सांडली आणि तिथलं गवत उलट जोमाने आलं, म्हणून तो वाळू टाकायच्या मागे लागला, असं म्हणतात. खरी-खोटी देव जाणे, पण सेंट अँड्र्यूजला जमीनच समुद्राने आणून टाकलेल्या वाळूची. तिथे खडीचा थर घालायचा हट्ट कोणी धरू नये. पुस्तकातली कृती चिकणमातीच्या जागेसाठी उत्तम; हातात फावडं घेण्याआधी आहे ती जमीन खणून पाहायची. आपल्याकडे तर जुन्या मैदानांवर ग्रीनऐवजी तेल मारलेल्या वाळूचे ‘ब्राउन’ असायचे. पाणीच नव्हतं, करणार काय?

सुट्टीच्या दिवशी एखाद्या खाणीवर जाऊन ये. वाळू धुतात कशी, ढीग वेगवेगळे ठेवतात की एकात एक मिसळतात, ते डोळ्यांनी बघ. पुढच्या पत्रात थंडी अर्ध्या पानात आटप आणि तिथल्या चाळणीचे आकडे कळव.

तुझा,
मामा