शिडी धरणारे हात : शस्त्रांचा व्यापार आणि आपली सदसद्विवेकबुद्धी



१९६४ साली मुंबईत भरलेली आंतरराष्ट्रीय युखारिस्तिक काँग्रेस आपल्यातील ज्येष्ठांना आठवत असेल. पोप सहावे पॉल त्या वेळी मुंबईला आले होते. ओव्हल मैदानावरची मिस्सा, ती गर्दी, पोपमहोदयांचे दर्शन यांविषयी अजूनही ऐकायला मिळते. पण ४ डिसेंबर रोजी त्यांनी मुंबईतच पत्रकारांच्या हाती जगासाठी एक निरोप दिला होता, त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. सर्व राष्ट्रांनी शस्त्रस्पर्धा थांबवावी आणि त्या पैशातील काही भाग तरी एका जागतिक निधीत टाकून गरीब देशांच्या उपयोगी आणावा, असा तो निरोप होता. १९६७ च्या ‘पोपुलोरुम प्रोग्रेसिओ’ या विश्वपत्रात त्यांनी मुंबईचे नाव घेऊन हे आवाहन पुन्हा केले. २०२० साली ‘फ्रातेल्ली तुत्ती’ या विश्वपत्रात पोप फ्रान्सिस यांनी हीच मागणी पुन्हा मांडली. आपल्या शेजारच्या शहरातून निघालेली मागणी साठ वर्षे दारोदार फिरते आहे.

या साठ वर्षांत शस्त्रांवरचा खर्च कुठे पोहोचला? स्टॉकहोम येथील ‘सिप्री’ ही संस्था दरवर्षी त्याचा हिशेब मांडते. तिच्या मते २०२४ साली जगाचा लष्करी खर्च सुमारे २ लाख ७२ हजार कोटी डॉलर होता. एवढा मोठा आकडा वाचून आपल्या मनाला काहीच होत नाही, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. म्हणून आज आपण एकाच बॉम्बचा प्रवास पाहू. तो इटलीतून निघाला आणि येमेनमधील एका खेड्यात पडला.

येमेन हे नाव आपल्याला अगदीच परके नाही. मार्च २०१५ मध्ये सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखालील आघाडीने तिथे हवाई हल्ले सुरू केले, तेव्हा ‘ऑपरेशन राहत’द्वारे चार हजारांहून अधिक भारतीयांना मायदेशी आणावे लागले. त्यांत परिचारिका होत्या, मजूर होते. पुढच्याच वर्षी, ४ मार्च २०१६ रोजी, एडन शहरात मदर तेरेसांच्या भगिनींच्या वृद्धाश्रमात बंदूकधारी घुसले. चार भगिनी धरून सोळा जणांची त्यांनी हत्या केली. त्या चौघींपैकी एक आपल्या झारखंडची होती. केरळचे सालेशियन धर्मगुरू फादर टॉम उळुन्नालिल यांना पळवून नेण्यात आले. सप्टेंबर २०१७ मध्ये त्यांची सुटका होईपर्यंत देशभरातील चर्चमधून त्यांच्यासाठी प्रार्थना होत होत्या. त्या वेळी आपण हल्लेखोरांविषयी खूप बोललो, त्यांच्या हातातील शस्त्रांविषयी मात्र फारसे बोललो नाही.

त्याच वर्षीच्या ८ ऑक्टोबरची गोष्ट. येमेनच्या वायव्य भागात, होदेदा प्रांतात, देर अल-हजारी नावाचे खेडे आहे. तिथल्या एका घरावर हवाई हल्ला झाला आणि एका कुटुंबातील सहा जण ठार झाले. त्यांत एक गरोदर माता व चार मुले होती. ढिगाऱ्यात बॉम्बचे तुकडे मिळाले, शिवाय एक लोखंडी कडी मिळाली. बॉम्ब विमानाला टांगण्यासाठी अशी कडी लागते. कडीवरच्या खुणेवरून ती कुठे तयार झाली ते कळले : इटलीच्या सार्डिनिया बेटावर, डोमुसनोवास या गावी असलेल्या आरडब्ल्यूएम इटालिया या कंपनीच्या कारखान्यात. येमेनमधील ‘म्वाताना’ या मानवी हक्क संस्थेने हे सारे नोंदवून ठेवले. आसपास लष्करी ठिकाण आढळले नाही, असेही त्या नोंदीत आहे. त्याच दिवशी राजधानी सना येथे अंत्यविधीसाठी जमलेल्या लोकांवर बॉम्ब पडून सुमारे १४० जण मेले. जगभरच्या बातम्यांत ती घटना गाजली. देर अल-हजारीचे कुटुंब कुणाच्या कानावरही आले नसते. एका कडीमुळे ते आले.

आता या कडीचा माग उलटा काढू. डोमुसनोवास हा खाणींचा प्रदेश. कोळसा, शिसे, जस्त काढणाऱ्या खाणी तिथे होत्या, आणि हा कारखाना पूर्वी खाणींसाठी स्फोटके बनवीत असे. खाणी बंद पडल्या, बेकारी आली, कारखाना लष्करी मालाकडे वळला. २०१० च्या सुमारास ऱ्हाइनमेटाल या जर्मन कंपनीने तो घेतला. म्हणजे मालक जर्मनीत, कामगार सार्डिनियात. निर्यातीचा परवाना रोममधील सरकारी कचेरीने द्यायचा, माल काग्लियारीहून जायचा, बॉम्ब टाकणारा वैमानिक आणखी तिसऱ्या देशाचा. यांपैकी कुणालाही विचारा. मालक म्हणेल, आमच्याकडे परवाना आहे. अधिकारी म्हणेल, बॉम्ब कुठे टाकायचा ते आम्ही ठरवीत नाही. जहाजवाला म्हणेल, आम्ही फक्त माल वाहतो. कामगार म्हणेल, मुलांना खायला काय घालू? प्रत्येकाच्या उत्तरात थोडे खरे आहे. पाप एवढ्या बारीक तुकड्यांत वाटले जाते की आपल्या वाट्याला आलेला तुकडा पाप आहे असे कुणालाच वाटत नाही. शस्त्रव्यापाराचे खरे बळ यातच आहे, असे आम्हांला वाटते. त्यातला पैसाही दुय्यमच.

ख्रिस्तसभेच्या नीतिशास्त्राला हा प्रश्न नवा नाही. सेमिनरीत आम्हांला एक जुने उदाहरण शिकवले जाई. एका मालकाला रात्री दुष्कृत्यासाठी परक्या घरात खिडकीतून शिरायचे आहे. नोकर सर्व जाणून असूनही शिडी आणतो आणि धरून ठेवतो, कारण नाही म्हटले तर मार बसेल किंवा नोकरी जाईल. नोकराने पाप केले का? भीतीपोटी केले म्हणजे ते गंभीर पाप नव्हे, असे सतराव्या शतकातील काही पंडित म्हणू लागले होते. १६७९ साली पोप अकरावे इनोसंट यांनी अशा ६५ ढिल्या मतांचा निषेध केला, त्यांत हे शिडीचे मत ५१ वे आहे. (या नोकराचा पगार किती होता, हे मात्र कुठल्याही ग्रंथात लिहिलेले नाही. ग्रंथ लिहिणाऱ्यांना तो प्रश्न पडला नसावा.)

पुढे संत आल्फोन्स लिगोरी यांनी या विषयाची नीट मांडणी केली. दुसऱ्याच्या दुष्कृत्यात आपला सहभाग दोन तऱ्हांचा असतो. त्याचा हेतूच आपण आपला मानला, तर आपण मनानेही सामील झालो. तिथे सबब चालत नाही. हेतू आपला नाही, पण हात मात्र लागतो, असेही होते. अशा वेळी काही गोष्टी तोलून पाहायच्या. आपला हात त्या कृत्याच्या किती जवळ आहे? आपल्यावाचून ते अडले असते का? नुकसान किती भयंकर आहे? आणि नकार दिल्यास आपल्यावर येणारे संकट किती मोठे आहे? बाजारात चाकू विकणारा आणि खुन्याच्या हाती जाणूनबुजून चाकू देणारा, दोघेही चाकूच देतात. पण त्यांना एकाच तराजूत घालता येत नाही.

या कसोटीवर कामगारापेक्षा परवाना देणाऱ्याची जबाबदारी जड ठरते. त्याला माहिती अधिक, मोकळीक अधिक आणि धोका कमी. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथही तेच सांगतो : शस्त्रांचे उत्पादन आणि विक्री यांवर नियंत्रण ठेवणे हा सत्ताधाऱ्यांचा केवळ हक्क नाही, ते त्यांचे कर्तव्य आहे. इटलीत तर १९९० चा १८५ क्रमांकाचा कायदा आहे. युद्धात गुंतलेल्या देशांना संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेविरुद्ध शस्त्रे विकण्यास तो मनाई करतो. तो व्हावा म्हणून झटणाऱ्यांत कॅथलिक मिशनरी आणि प्रापंचिकांच्या संघटना आघाडीवर होत्या. एवढे असूनही २०१६ साली सुमारे २० हजार बॉम्ब सौदी अरेबियाला विकण्याचा परवाना निघाला. किंमत ४१ कोटी १० लाख युरो. देर अल-हजारीच्या हल्ल्याबद्दल २०१८ साली रोममध्ये फौजदारी तक्रार झाली. २०२३ साली न्यायाधीशांनी प्रकरण बंद केले. त्या सहा जणांसाठी कुणीही दोषी ठरलेले नाही.

“मी नाही विकले तर दुसरा विकेल” ही सबब आपण सर्वांनी ऐकलेली आहे. दारूच्या गुत्त्यापासून जमिनीच्या दलालीपर्यंत ती चालते. मात्र दुसरा पाप करणार आहे म्हणून माझे पाप कमी होत नाही. तसे असते तर पिलाताला हात धुण्याचीही गरज पडली नसती.

नकार देता येतो, हे दाखवले ते कमी पगाराच्या माणसांनी. इटलीतच ब्रेशियाजवळ कास्तेनेदोलो येथे वाल्सेल्ला नावाच्या कारखान्यात भूसुरुंग बनत. खेळणाऱ्या मुलांचे पाय तोडणारे हे सुरुंग आपण बनवणार नाही, असे तिथल्या कामगारांनी ठरवले. त्यांत स्त्रियांचा पुढाकार होता. १९९७ साली इटलीने कायद्याने भूसुरुंगांवर बंदी घातली, त्यामागे त्यांचाही आवाज होता. २० मे २०१९ रोजी जेनोवा बंदरात ‘बाहरी यान्बू’ हे सौदी जहाज लागले. त्यात सौदी लष्करासाठीचे जनित्र संच चढवायचे होते. ती काही बंदूक नव्हे, बॉम्बही नव्हे. तरी गोदी कामगारांनी संप केला आणि जहाज तो माल न घेताच निघून गेले. त्याआधी फ्रान्समधील ल हाव्र बंदरातही विरोधामुळे त्याला शस्त्रे घेता आली नव्हती. पुढच्याच महिन्यात पोप फ्रान्सिस बोलले : पळून येणाऱ्या माणसांना युरोपची बंदरे मिळत नाहीत आणि शस्त्रे भरणाऱ्या जहाजांना मात्र ती खुली असतात.

जुलै २०१९ मध्ये इटलीने सौदी अरेबिया व अमिरातीकडे जाणारे बॉम्ब थांबवले. २९ जानेवारी २०२१ रोजी परवानेच रद्द झाले. सुमारे १२,७०० बॉम्ब जायचे राहिले. इकडे डोमुसनोवासमध्ये नोकऱ्यांवर गदा आली. एकाच गावात, बहुधा एकाच चर्चमध्ये मिस्सेला बसणाऱ्यांत दोन तट पडले. तिथल्या काहींनी कारखाना पुन्हा नागरी मालाकडे वळवावा म्हणून समिती केली. २०२३ साली नव्या सरकारने बंदी उठवली.

तोवर येमेनचे काय झाले? संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने काढलेल्या अंदाजानुसार २०२१ अखेर या युद्धाने ३ लाख ७७ हजार बळी घेतले. त्यांतले जवळजवळ साठ टक्के बॉम्बने किंवा गोळीने मेले नाहीत. भूक, दूषित पाणी आणि औषधांचा अभाव यांनी मेले. बळींमध्ये पाच वर्षांखालील मुलेच अधिक. २०१७ या एका वर्षात कॉलऱ्याचे दहा लाख संशयित रुग्ण नोंदले गेले. बॉम्ब घरावर पडतो तेव्हा मोजता येते. पूल, दवाखाना, पाण्याचे पंप यांवर पडतो तेव्हा मरणे पुढे वर्षभर चालू राहतात आणि कुणी ती बॉम्बच्या खात्यावर मांडत नाही. दोष एकाच बाजूचा नाही. हौथी बंडखोरांनीही शहरांवर तोफा डागल्या, शेतांत सुरुंग पेरले. त्यांना इराणकडून शस्त्रे मिळाली. एप्रिल २०२२ च्या युद्धबंदीनंतर सौदी आघाडीचे मोठे हवाई हल्ले बरेच ओसरले, पण पोट भरण्याची भ्रांत संपली नाही.

आता थोडे आपल्याकडे. देशाचे रक्षण करणे हा राष्ट्राचा हक्क आहे, हे ख्रिस्तसभा मान्य करते. सैन्यात असलेल्यांविषयी आपल्याला आदरच आहे. आपल्या राज्यात अंबरनाथ, खडकी, वरणगाव, भंडारा येथे दारूगोळ्याचे कारखाने आहेत. जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याच्या कारखान्यात स्फोट होऊन आठ कामगार गेले. हा माल बनवणारेही जीव मुठीत धरून काम करतात. पण आजवर आपण स्वतःसाठी शस्त्रे बनवणारा आणि विकत घेणारा देश होतो. आता आपण विकणाराही झालो आहोत. २०२४-२५ या वर्षी भारताची संरक्षण निर्यात २३,६२२ कोटी रुपयांची होती आणि ती बातमी अभिमानाने छापून आली. रक्षणाचा हक्क माझ्या घराला लागू पडतो. मी दुसऱ्याला विकलेल्या मालाला तो आपोआप लागू पडत नाही. तिथे विचारावे लागते : घेणारा कोण, आणि तो कुणावर वापरणार? हा प्रश्न विचारणे बंधनकारक करणारा शस्त्रव्यापार करार २०१३ साली संयुक्त राष्ट्रांत संमत झाला. भारताने त्या वेळी मतदान केले नाही. करार एकतर्फी आहे, विकणाऱ्या देशांना झुकते माप देतो, अशी आपल्या सरकारची तक्रार होती. ती अगदीच बिनबुडाची नव्हती. आता आपण स्वतः विकणाऱ्यांच्या रांगेत उभे असताना तीच तक्रार कितपत शोभते, हे तपासायला हवे.

येत्या आठवड्यातील विभागसभांसाठी आम्ही एकच प्रसंग देत आहोत. आपल्या विभागातील एका मुलाला दारूगोळा बनवणाऱ्या खासगी कारखान्यात कायमची नोकरी लागली आहे. घरावर कर्ज आहे, बहिणीचे लग्न व्हायचे आहे. काही महिन्यांनी त्याला कळते की माल परदेशी जातो. कुठल्या देशात, ते कुणी सांगत नाही. त्याने चौकशी करावी का, आणि कुणाकडे? उत्तर वाईट आले तर काय करावे? वर सांगितलेल्या कसोट्या लावून बोलावे. नुसते “नोकरी सोडावी” म्हणून मोकळे होऊ नये. त्याने ती सोडलीच, तर घराचे हप्ते भरण्यात आपला विभाग किती महिने हातभार लावील, तेही ठरवून आकड्यासह लिहावे. विभागप्रमुखांनी कागद पुढील रविवारी पहिल्या मिस्सेनंतर आमच्याकडे द्यावेत.