रोजची कोंडी आणि वर्षातून दोनदा कोल्हापूर

प्रश्न : आम्ही बंगळूरमध्ये सर्जापूर रोडला दोड्डकन्नेल्लीजवळ राहतो. ऑफिस आउटर रिंग रोडवर, जाऊन-येऊन वीस-पंचवीस किलोमीटर. गणपतीला आणि मे महिन्यात गाडीनेच कोल्हापूरला जातो. नवी गाडी घ्यायची आहे. भावोजी म्हणतात डिझेल, मुलगी म्हणते इलेक्ट्रिक. प्लग-इन हायब्रिड घेतली तर दोन्ही साधेल का?

उत्तर : कल्पना चांगली आहे, पण आधी एक घोटाळा दूर करू. आपल्याकडे ‘हायब्रिड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या हायरायडर किंवा इनोव्हा हायक्रॉससारख्या गाड्यांना प्लगच नसतो. त्यांची बॅटरी जेमतेम एक-दीड युनिटची. ती ब्रेक लावताना आणि इंजिनवर भरते, म्हणजे मुळात सगळी ऊर्जा पेट्रोलचीच. कोंडीत इंजिन वरचेवर बंद राहतं, म्हणून मायलेज मात्र उत्तम मिळतं.

प्लग-इनची बॅटरी याहून बरीच मोठी आणि ती घरी भरायची असते. तुमचं रोजचं अंतर तिच्यात विजेवर भागलं असतं. पण भारतात प्लग-इन आल्या त्या मुख्यतः व्होल्वो, बीएमडब्ल्यू अशा महागड्या गाड्यांत. करही आडवा येतो : सप्टेंबर 2025 पासून मोठ्या हायब्रिडवर 40 टक्के जीएसटी आहे, इलेक्ट्रिकवर 5 टक्के. शिवाय रोज न चुकता प्लग लावणारे थोडेच. युरोपीय आयोगाच्या 2024 च्या अहवालात या गाड्यांचं रस्त्यावरचं कार्बन उत्सर्जन कागदावरच्या आकड्याच्या साडेतीन पट निघालं, त्याचं एक मोठं कारण हेच.

आता भावोजींचं डिझेल. हायवेवर त्याला तोड नाही, हे मान्य. अडचण तुमच्या वाटेवरच्या इब्लूरच्या सिग्नलला आहे. 2020 मध्ये बीएस-6 लागू झाल्यापासून डिझेल गाडीच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो. साठलेली काजळी गाडी स्वतःच जाळते, पण त्यासाठी धूर खूप तापावा लागतो आणि त्याकरता पंधरा-वीस मिनिटं सलग बऱ्या वेगाने धावावं लागतं. सर्जापूर रोडला सकाळी नऊ वाजता ते कुठून मिळणार? जळण अर्धवट राहतं, फिल्टर तुंबतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो. काजळी जाळण्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडतं, त्यातलं थोडं ऑइलमध्ये उतरून ऑइल पातळ होतं. रोज गर्दीत पंचवीस किलोमीटर चालणाऱ्या गाडीसाठी मी डिझेल सुचवणार नाही.

इलेक्ट्रिकचं गणित उलटं आहे. ती हायवेपेक्षा शहरात जास्त चालते, कारण कमी वेगात हवेचा विरोध कमी आणि प्रत्येक ब्रेकला थोडी वीज परत मिळते. कोंडीत एसीने बॅटरी संपेल, ही भीतीही फुकाची. एसी तासाला साधारण एक-दीड युनिट खातो, म्हणजे पंचेचाळीस युनिटच्या बॅटरीतून सात ते दहा किलोमीटरची पल्ल्यात घट. तुमच्या भागापासून फार लांब नसलेल्या बोम्मसंद्रात बनलेली ‘रेवा’ ही इलेक्ट्रिक गाडी 2001 मध्ये बाजारात आली, तेव्हा सबंध चार्जवर ऐंशीएक किलोमीटरच मिळत. ती मर्यादा लोकांच्या मनात अजून बसून आहे.

राहिलं कोल्हापूर, सहाशेहून जास्त किलोमीटर. हायवेवर खरोखर तीनशे चालणारी गाडी घेतलीत तर चित्रदुर्ग-दावणगेरेकडे एक आणि हुबळी-बेळगावच्या टप्प्यात एक असे दोन थांबे, प्रत्येकी पाऊण तास धरा. गणपतीच्या गर्दीत चार्जरपुढे रांग लागू शकते, त्यामुळे बॅटरी तळाला जाईपर्यंत थांबू नका. वर्षातल्या चार दिवसांसाठी उरलेलं वर्ष डिझेलमध्ये अडकून काढणं मला पटत नाही.

मात्र एक अट आहे. तुमच्या स्वतःच्या पार्किंगमध्ये, तुमच्याच मीटरवरून चार्जिंगची सोय हवी. सोसायटीची लेखी परवानगी आणि मंजूर वीजभार बुकिंगच्या आधीच पाहून घ्या. पंधरा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर रात्रभरात तुमचा रोजचा खर्च सहज भरून निघतो. ही सोय होत नसेल तर बिनप्लगची हायब्रिड घ्या, सार्वजनिक चार्जरच्या भरवशावर राहू नका.

पार्किंग तळघरात असेल तर चार्जर उंचावर बसवा. 2022 च्या पावसात तुमच्याच रस्त्यावरचा रेनबो ड्राइव्ह लेआउट पाण्याखाली गेला होता. बहुतेक बॅटऱ्यांना आयपी-67 मानांकन असतं, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी. दिवसभर बुडून राहण्याची हमी त्यात नाही.