ब्रॉडबँड पुरवठादार बदलताना : शुल्काचे वाद आणि ग्राहकाचे हक्क

1994 च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने खाजगी क्षेत्राला मूलभूत दूरध्वनी सेवेचे दार खुले केले आणि 1997 मध्ये भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय) अस्तित्वात आले. मक्तेदारीच्या जागी स्पर्धा आली की दर उतरतील आणि सेवा सुधारेल, ही त्यामागील अपेक्षा होती. तथापि, स्पर्धेचा लाभ मिळण्यासाठी बाजारात अनेक पुरवठादार असणे पुरेसे नसते. असमाधानी ग्राहकाला एकाकडून दुसऱ्याकडे सहज जाता आले पाहिजे. घरगुती ब्रॉडबँडच्या बाबतीत ही वाट अनेकदा शुल्काने अडवली जाते.

वादाचे स्वरूप

पुरवठादार बदलताना उद्भवणारे वाद स्थूलमानाने चार प्रकारचे असतात. पहिला, ठरलेल्या मुदतीपूर्वी जोडणी सोडल्याबद्दल आकारलेले शुल्क. दुसरा, राउटर परत केल्याची नोंद न होणे किंवा त्याची पूर्ण किंमत मागितली जाणे. तिसरा, आगाऊ भरलेली वर्गणी व अनामत रक्कम परत न मिळणे. चौथा, सेवा बंद करण्याची विनंती नोंदवल्यानंतरही देयके येत राहणे. प्रत्येक वादातील रक्कम बहुधा काही शे किंवा काही हजार रुपयांची असते. परंतु अशी शुल्के असंख्य ग्राहकांना जागीच थोपवून धरतात आणि त्यामुळे संपूर्ण बाजाराची स्पर्धाशीलता घटते.

अर्थशास्त्रीय विवेचन

पुरवठादार बदलताना ग्राहकाला जो पैसा, वेळ व त्रास सोसावा लागतो, त्यास अर्थशास्त्रात ‘बदलाचा खर्च’ म्हणतात. पॉल क्लेम्परर यांनी 1980 च्या दशकात या संकल्पनेचे पद्धतशीर विश्लेषण केले. बदलाचा खर्च मोठा असेल तर नवा ग्राहक मिळवण्यासाठी कंपन्या सवलती देतात आणि एकदा अडकलेल्या ग्राहकाकडून नंतर चढा दर वसूल करू शकतात. आल्बर्ट हर्शमन यांनी 1970 मध्ये मांडले की, सेवेची गुणवत्ता ढासळली की ग्राहकापुढे निघून जाणे किंवा तक्रार करणे हे दोन मार्ग असतात. निघून जाण्याचा मार्ग महाग झाला की तक्रारीचे वजनही कमी होते.

मग मुदतपूर्व शुल्क सर्वस्वी अन्यायकारक आहे काय? तसे म्हणता येणार नाही. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. राउटर आणि तारजोडणीवर कंपनीने 2,400 रुपये खर्च केले, ग्राहकाकडून सुरुवातीस काहीही घेतले नाही आणि हा खर्च 12 महिन्यांच्या वर्गणीतून दरमहा 200 रुपयांप्रमाणे वसूल करण्याचे ठरवले. ग्राहकाने नवव्या महिन्याअखेर जोडणी सोडली, तर 1,800 रुपये वसूल झालेले असतात व 600 रुपये उरतात. हे 600 रुपये मागणे रास्त आहे. राउटर सुस्थितीत परत केला असेल, तर कंपनीचे नुकसान त्याहूनही कमी ठरते. मात्र कंपनीने पुन्हा पूर्ण 2,400 रुपये मागितले, तर त्यातील 1,800 रुपये ही दुहेरी वसुली होय.

याउलट, असे शुल्क सरसकट बंद केले तर कंपन्या तो खर्च सुरुवातीलाच मागतील आणि अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांना जोडणी घेणे कठीण होईल. म्हणून प्रश्न शुल्क असावे की नसावे हा नसून, ते वसूल न झालेल्या खर्चाच्या प्रमाणात आहे की नाही आणि ते आधी स्पष्टपणे सांगितले होते की नाही, हा आहे.

कायद्याची चौकट

भारतीय कायद्यात प्रमाणशीरतेचे हे तत्त्व जुने आहे. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 नुसार, करारभंगासाठी करारात रक्कम नमूद असली तरी त्या रकमेच्या मर्यादेत केवळ वाजवी भरपाई मिळू शकते. सर्वोच्च न्यायालयाने 1963 मधील फतेहचंद प्रकरणात हे स्पष्ट केले.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मधील कलम 2(46) ने ‘अनुचित करार’ ही संकल्पना प्रथमच कायद्यात आणली. झालेल्या नुकसानीच्या तुलनेत सर्वथा विषम दंड लादणे किंवा उघडपणे अवाजवी अनामत मागणे, ही त्याची लक्षणे होत. येथे परीक्षार्थींनी एक भेद ध्यानात ठेवावा. सेवेतील त्रुटीची तक्रार रकमेनुसार जिल्हा आयोगाकडे करता येते. अनुचित कराराविरुद्धची तक्रार मात्र राज्य किंवा राष्ट्रीय आयोगाकडेच करावी लागते.

दाद कोठे मागावी?

ट्राय वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही. 2012 च्या तक्रार निवारण विनियमांनी कंपनीअंतर्गत द्विस्तरीय व्यवस्था घालून दिली. प्रथम तक्रार केंद्रात नोंद करून तक्रार क्रमांक घ्यावयाचा आणि समाधान न झाल्यास अपील प्राधिकरणाकडे जावयाचे. दूरसंचार विवाद निवारण व अपील न्यायाधिकरण सेवा पुरवठादार आणि ग्राहकांचा गट यांच्यातील वाद ऐकते. एकट्या ग्राहकाची तक्रार ग्राहक आयोगाच्या कक्षेत येते.

या शेवटच्या मुद्द्यावर दीर्घकाळ संदिग्धता होती. 1885 च्या तार कायद्यातील लवादाच्या तरतुदीमुळे ग्राहक मंचाचा अधिकार बाधित होतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये दिला होता. 16 फेब्रुवारी 2022 च्या निकालाने मात्र दूरसंचार ग्राहकास ग्राहक मंचाकडे जाता येते हे प्रस्थापित केले. दूरसंचार कायदा, 2023 च्या कलम 30 मध्ये ऑनलाइन विवाद निवारण यंत्रणेची तरतूद असून, तिच्यामुळे ग्राहक संरक्षण कायद्याखालील हक्कास बाध येत नाही, असे तेथेच म्हटले आहे.

तुलना आणि बोध

मोबाइल क्षेत्राचा अनुभव येथे उद्बोधक ठरतो. क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सुविधा 25 नोव्हेंबर 2010 रोजी हरियाणात आणि 20 जानेवारी 2011 पासून देशभर सुरू झाली. प्रारंभी त्यासाठी कमाल शुल्क 19 रुपये होते. थकीत देयक असल्यास विनंती नाकारता येते. म्हणजेच कंपनीचे रास्त येणे सुरक्षित राहते, परंतु निघून जाण्याची किंमत कंपनी ठरवत नाही. स्थिर ब्रॉडबँडसाठी अशी यंत्रणा आपल्याकडे नाही. ब्रिटनमध्ये 12 सप्टेंबर 2024 पासून ग्राहक केवळ नव्या पुरवठादाराशी संपर्क साधतो. मुदतपूर्व शुल्क किती लागेल याची माहिती जुन्या पुरवठादाराने त्याला बदलापूर्वीच द्यावयाची असते.

आठशे रुपयांसाठी आयोगाची पायरी चढणारे ग्राहक थोडे असतात. त्यामुळे हक्क कागदावर असूनही वसुली चालू राहते. यावर दोन उपाय संभवतात. दरमहा घटत जाणारे व करारासमयी छापून दिलेले शुल्कपत्रक बंधनकारक करणे हा पहिला उपाय. दुसरा, समान स्वरूपाच्या तक्रारींबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने समूह म्हणून ग्राहकांच्या वतीने कारवाई करणे. तोवर ग्राहकाने जोडणी बंद करण्याची विनंती लेखी करावी, राउटर परत केल्याची पोच घ्यावी आणि तक्रार क्रमांक जपून ठेवावा. कारण वाद आयोगापुढे गेलाच, तर निकाल या कागदांवरच अवलंबून राहतो.