ईस्टर : रिवाज पाळायला निघालेल्या स्त्रिया

आजचे वाचन : लूक 24:1-12
सोबत वाचा : निर्गम 12:1-14, 1 करिंथ 5:6-8



पवित्र सप्ताह सुरू झाला की फोनवर एक मेसेज हमखास येतो. ईस्टर हा मुळात ख्रिस्ती सणच नाही, ते इश्तार नावाच्या बाबेली देवीचं नाव आहे, अंडी आणि ससा तिचेच, वगैरे वगैरे. गेल्या वर्षी आमच्या तरुण संघातल्या एका मुलाने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, “दादा, हे खरं असेल तर मी पहाटेच्या उपासनेला येणार नाही.”

तो थट्टा करत नव्हता. खोट्या गोष्टीत देवाची उपासना करायची नाही, एवढंच त्याचं म्हणणं होतं. आणि खरं सांगू? त्या वर्षी मलाही रिवाजांचा प्रश्न टोचत होता. आमची आजी दर वर्षी ईस्टरच्या आदल्या दिवशी कबरस्तानात जाऊन आजोबांची कबर धुवायची, फुलं ठेवायची, मेणबत्ती लावायची. गेल्या वर्षी आजी स्वतःच आजोबांच्या शेजारी निजली होती आणि पाण्याची बादली माझ्या हातात होती. कबर धुता धुता मनात येत होतं, मी हे का करतोय? फक्त आजी करायची म्हणून?

त्या मुलाला उत्तर द्यायचं म्हणून मी शोधायला बसलो. जे सापडलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

1. नाव कुठून आलं?

या सणाचं सर्वांत जुनं नाव ‘ईस्टर’ नाही, ‘पास्का’ आहे. हा शब्द इब्री भाषेतल्या ‘पेसाह’वरून ग्रीकमध्ये आला. पेसाह म्हणजे आपल्या बायबलमधला वल्हांडण सण. मिसरात ज्या घरांच्या दारांना कोकऱ्याचं रक्त लावलेलं होतं, ती घरं ओलांडून मृत्यू पुढे गेला, त्या रात्रीची ही आठवण. प्रभू येशू वधस्तंभावर खिळला गेला तो याच सणाच्या दिवसांत. म्हणूनच पौल करिंथकरांना लिहितो की, आपला वल्हांडणाचा कोकरा ख्रिस्त आहे.

आजही ग्रीक, रशियन, फ्रेंच, स्पॅनिश भाषांत या सणाचं नाव पास्का याच शब्दावरून आलेलं आहे. आपल्या शेजारच्या कोकणीतही पास्काच म्हणतात. ‘ईस्टर’ हे नाव इंग्रजीतलं आणि जर्मनमध्ये त्याचं भावंड ‘ओस्टर्न’. इंग्लंडमधल्या बीड नावाच्या मठवासीने (आपला बीड जिल्हा नव्हे!) इ.स. 725 मध्ये लिहिलं की, वसंतातल्या एका महिन्याला पूर्वी एओस्त्रे या देवीचं नाव होतं आणि त्याच महिन्याच्या नावाने लोक पास्काला ओळखू लागले. या देवीबद्दल लिहिणारा जुना लेखक हा एकटाच आहे. अंडी किंवा सशाबद्दल तो एक शब्दही लिहीत नाही. बाबेलच्या इश्तारशी तर फक्त उच्चाराचं साम्य आहे.

आणि मुख्य गोष्ट अशी की, इंग्लंडात सुवार्ता रुजण्याच्या कितीतरी आधी, दुसऱ्या शतकातच, आशिया मायनरमधले आणि रोममधले ख्रिस्ती लोक पास्का पाळत होते. नाव नंतर चिकटलं, सण आधीपासून होता. आपण रविवार म्हणतो तेव्हा सूर्याची पूजा करत नाही ना? तसंच हे.

2. तारीख दरवर्षी का बदलते?

वल्हांडण चंद्राच्या महिन्याप्रमाणे येतो, म्हणून. सुरुवातीला यावरून मंडळ्यांमध्ये मतभेद होते. आशिया मायनरमधले विश्वासी यहुदी नीसान महिन्याच्या 14 व्या दिवशी पास्का पाळत, मग वार कोणताही असो. रोममध्ये मात्र रविवारीच पाळत, कारण प्रभू रविवारी उठला. सुमारे इ.स. 155 मध्ये स्मुर्णा येथील वृद्ध बिशप पॉलिकार्प रोमला गेले आणि तिथले बिशप अनिसेतस यांच्याशी या विषयावर बोलले. दोघांपैकी कोणीही आपली पद्धत सोडली नाही. तरीही दोघांनी एकत्र प्रभुभोजन घेतलं आणि ते शांतीने एकमेकांचा निरोप घेऊन गेले.

मित्रांनो, हा प्रसंग मला फार आवडतो. रिवाजावर एकमत झालं नाही, पण प्रभूच्या मेजावर ते एकत्र बसले. आपल्या ग्रुपवर एखादा वाद पेटला की आपण काय करतो, ते आठवून पाहा!

पुढे इ.स. 325 मध्ये निकिया येथील परिषदेने ठरवलं की सर्वांनी एकाच रविवारी हा सण पाळावा. त्यातून पुढे आजचा नियम स्थिर झाला : 21 मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा आणि तिच्यानंतरचा रविवार. त्यामुळे ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल या दिवसांतच येतो. ही पौर्णिमा चर्चच्या तक्त्यावरून काढतात, त्यामुळे आपल्या पंचांगातल्या पौर्णिमेशी ती कधी कधी जुळत नाही. बहुतेक ऑर्थोडॉक्स मंडळ्या अजूनही जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेने हिशोब करतात, म्हणून त्यांचा सण अनेकदा वेगळ्या रविवारी असतो. 2025 मध्ये मात्र दोन्ही 20 एप्रिललाच आले होते.

3. अंडी आणि ससा

अंड्यांचं उत्तर बरंचसं स्वयंपाकघरातच सापडतं. जुन्या काळी उपवासकाळात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य असत. पण कोंबडीला उपवास कुठे कळतो? ती अंडी देतच राहायची. चाळीस दिवसांनी घरात अंड्यांचा ढीग असायचा आणि उपवास सुटला की त्यांचीच मेजवानी. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या 1290 सालच्या हिशोबात ईस्टरच्या 450 अंड्यांसाठी 18 पेन्स खर्चाची नोंद आहे. ती अंडी रंगवून आणि सोन्याचा वर्ख लावून वाटण्यासाठी होती.

पूर्वेकडच्या मंडळ्यांनी त्याच अंड्याला अर्थ दिला. ते लाल रंगवायचं, कारण प्रभूचं रक्त. कवच म्हणजे बंद कबर. ते फुटतं, कारण कबर त्याला धरून ठेवू शकली नाही. ग्रीक घरांत आजही लाल अंडी एकमेकांवर आपटून फोडतात आणि ख्रिस्त उठला आहे असं म्हणतात.

ससा बराच नंतरचा. अंडी आणणाऱ्या सशाची गोष्ट 1682 मध्ये एका जर्मन डॉक्टरने नोंदवली आहे आणि पुढे जर्मन लोकांबरोबर ती अमेरिकेत गेली. त्यात उपदेश शोधू नका आणि भीतीही बाळगू नका. मुलांची गंमत आहे, बस्स.

4. पहाटेची उपासना

आता आपला रिवाज. जर्मनीतल्या हेर्नहूट गावी मोरावियन मंडळीचे काही तरुण 1732 मध्ये ईस्टरच्या पहाटे टेकडीवरच्या कबरस्तानात जमले. आपल्या मृतांच्या कबरींमध्ये उभं राहून त्यांनी गीतं गायली आणि उगवत्या सूर्याबरोबर पुनरुत्थानाची साक्ष दिली. सूर्योदयाच्या उपासनेची परंपरा इथून सुरू झाली असं मानतात. आणि त्याच वर्षी, त्याच गावातून, मोरावियनांचे पहिले दोन मिशनरी कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांना सुवार्ता सांगायला निघाले. ती मंडळी कबरीपाशी थांबून राहिली नाही, हे लक्षात घ्या.

मनन

आता लूक 24 पुन्हा वाचा. मग्दालीया मरीया, योहान्ना, याकोबाची आई मरीया आणि इतर स्त्रिया पहाटे का निघाल्या होत्या? पुनरुत्थान साजरं करायला नाही. त्या रिवाज पाळायला निघाल्या होत्या. मृताच्या देहाला सुगंधी द्रव्ये लावायची राहून गेली होती. शब्बाथ आला म्हणून थांबल्या, तो संपताच निघाल्या. त्यांच्या हातात प्रेम होतं, पण आशा नव्हती.

आणि रिवाज पूर्ण झालाच नाही! धोंड बाजूला सरकलेली, देह नाही, सुगंधी द्रव्यं हातातच. जो जिवंत आहे त्याला मेलेल्यांत का शोधता, असं त्यांना विचारण्यात आलं. पण एक पाहा. पहाटे तिथे गेल्या म्हणूनच ती बातमी त्यांनी पहिल्यांदा ऐकली. रिवाजाने त्यांना कबरीपर्यंत नेलं. पुढचं देवाने केलं.

रिवाजाचं काम एवढंच असतं. तो वाचवत नाही, पण वाटेवर नेऊन उभा करतो. त्याचीच भक्ती करू नका, आणि त्याला लाथाडूही नका.

हे सगळं मी त्या मुलाला लिहून पाठवलं. उत्तर आलं नाही. ईस्टरला पहाटे साडेचारला कबरस्तानाच्या फाटकापाशी पोचलो, तर तो मफलर गुंडाळून उभा होता. म्हणाला, “दादा, आजीची कबर कुठली?” आम्ही दोघांनी मेणबत्ती लावली. या वेळी मी तिथे का आलो आहे, हे मला ठाऊक होतं. आजी तिथे येऊन रडायची आणि जाताना गात जायची. ते तिने कुठून शिकलं होतं, ते मला आत्ता कळलं.

आज स्वतःला विचारा

मी कोणता रिवाज केवळ सवयीने पाळतो? त्यातून प्रभू मला कुठे नेऊ पाहतो? आणि त्या स्त्रियांसारखी ही बातमी आज मी कोणाला सांगणार?

प्रार्थना

हे जिवंत प्रभू, आम्ही रिकाम्या मनाने केलेल्या रिवाजांतही तू आम्हाला भेटतोस, म्हणून तुझे आभार. जे आज कोणाच्या तरी कबरीपाशी उभे आहेत त्यांना तुझी आशा दे. आम्हाला तिथेच थांबू देऊ नकोस, तुझी सुवार्ता घेऊन परत पाठव. येशूच्या नावाने मागतो, आमेन.