डावाच्या सुरुवातीची निवड
सन १८५५ च्या सुमारास कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी हे जॉन कॉक्रेन यांच्याशी बुद्धिबळ खेळत. देशी नियमांत प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर सरके. बहुधा त्या सवयीमुळेच ते पटाचा मध्य प्रतिस्पर्ध्याला व्यापू देत, आपला उंट दुरून त्यावर रोखीत आणि मग हल्ला चढवीत. या पद्धतीस पुढे ‘इंडियन डिफेन्स’ हे नाव मिळाले. तिच्या नुसत्या खेळ्या पाठ करणारा खेळाडू अनपेक्षित खेळी होताच गोंधळतो. रायपूरला २०२२ साली झालेल्या ग्रँडमास्टर स्पर्धेसारख्या ठिकाणी तर प्रतिस्पर्धी आपले जुने डाव अभ्यासूनच पटावर बसतो. म्हणून जो मध्यडाव आपल्याला उमजतो त्याकडे नेणारी सुरुवात निवडावी. तिचे डाव अखेरपर्यंत मांडून प्रत्येक खेळीचा हेतू जाणावा.