एका मागणीपुरतं

गोरेगाव, १४ जून

चि. ओंकार,

तुझा फोन झाल्यापासून मला चैन नाही. पालिकेची मराठी शाळा बंद होऊ नये म्हणून तुम्ही सह्या गोळा करत होतात, आणि संघाच्या शाखेत जाणारे चौघे बैठकीला येऊन बसले म्हणून तू उठून आलास. त्यांच्या शेजारी बसलो तर माझ्या विचारांना अर्थ काय, असं तू म्हणालास. ते तू मनापासून म्हणालास हे मला कळतं, म्हणूनच सविस्तर लिहिते आहे.

तुझे आजोबा, आमचे अण्णा, राष्ट्र सेवा दलाचे. हे तू अभिमानाने सांगतोस. पण १९५७ च्या निवडणुकीत रत्नागिरीत ते कोणासाठी फिरले, हे तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. संघाशी नातं असलेल्या जनसंघाच्या प्रेमजीभाई आसरांसाठी. मुंबईसह मराठी राज्य मागणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र समितीत एस. एम. जोशी होते, डांगे होते, शेकाप आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन होतं, तसे जनसंघ आणि हिंदुमहासभाही होते. शेजारच्या राजापुरात समाजवादी नाथ पै उभे होते, साताऱ्यात कम्युनिस्ट झालेले क्रांतिसिंह नाना पाटील. तिघेही निवडून आले. जनसंघाचे त्या वर्षी देशभरातून चारच खासदार लोकसभेत गेले. त्यांतले दोन, रत्नागिरीचे आणि धुळ्याचे, आपल्याकडचे.

गांधीजींच्या हत्येला तेव्हा जेमतेम नऊ वर्षं झाली होती. अण्णांच्या मनातली ती जखम भरली नव्हती, शेवटपर्यंत भरली नाही. प्रचाराहून घरी आले की पाय शेकत बसायचे. आईने एकदा विचारलं, हे तुम्हाला कसं जमतं? ते म्हणाले, मुंबई मिळेपर्यंत. मी आठ वर्षांची होते, पण ते दोन शब्द मला पक्के आठवतात. १ मे १९६० ला राज्य झालं, समितीतले पक्ष आपापल्या वाटेने गेले, अण्णाही परत जनसंघाच्या विरोधात उभे राहिले. त्यांना त्यात विसंगती वाटली नाही आणि मलाही वाटत नाही.

माझी पाळी १९७२ ला आली. दुष्काळ, रॉकेलला रांगा, साखर-तेल हाताला लागेना. महागाई प्रतिकार महिला संयुक्त समिती झाली. मृणालताई गोरे, प्रमिलाताई दंडवते समाजवादी, अहिल्याताई रांगणेकर मार्क्सवादी, तारा रेड्डी भाकपच्या आणि जयवंतीबेन मेहता जनसंघाच्या. लाटणी घेऊन, थाळ्या वाजवत आम्ही निघायचो. माझ्या शेजारून चालणारी बाई रोज संध्याकाळी मुलांना शाखेत पाठवायची. आम्ही त्यावरून भांडलो, अगदी कडाक्याने, पण मोर्चाहून परतताना. मोर्चात दोघींची मागणी एकच होती, कारण दोघींच्या घरचा डबा एकाच दिवशी रिकामा व्हायचा. पुढे आणीबाणीत मृणालताई, प्रमिलाताई, जयवंतीबेन, तिघीही तुरुंगात गेल्या.

याची दुसरी बाजूही तुला सांगायलाच हवी. १९७७ ला यांतले समाजवादी आणि जनसंघवाले एका पक्षात शिरले. जनता पक्षासाठी मी घर विसरून राबले, आणि दोन-अडीच वर्षांत तो दुहेरी सदस्यत्वाच्या वादावर फुटला. जनसंघातून आलेल्यांनी संघाशी नातं ठेवावं की तोडावं, हा तो वाद. वाद खरा होता, महत्त्वाचा होता. चूक झाली ती आधीच, सगळ्यांनी एकच घर थाटलं तिथे. माझ्या मते एका मागणीसाठी एकत्र येणं आणि एक होणं यांत फार मोठं अंतर आहे, आणि ते न ओळखल्याची किंमत आम्ही मोजली.

म्हणून तू त्या चौघांचं मन वळवायला जाऊ नकोस, त्यांनाही तुझं वळवू देऊ नकोस. त्यांना शाळा हवी आहे ती भाषेसाठी, संस्कृतीसाठी. तुला हवी आहे ती धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मुलीला फीवाचून शिकता यावं म्हणून. दोन्ही कारणं निवेदनात लिहा, शेजारीशेजारी. मागणी मात्र एकाच वाक्यात, आणि तिच्याबाहेरचं काही त्या मंचावरून कुणीच बोलायचं नाही, तूही नाही. मंचाबाहेर तुझं मत जसं लिहितोस तसंच लिहीत राहा.

एक गोष्ट मात्र सोडायची नाही. त्या शाळेत भाजीवाल्या शेखभाईंची मुलंही आहेत. त्यांना कुणी परकं म्हणालं, तर तिथेच, त्याच क्षणी उभं राहून अडवायचं. शाळा वाचवायची ती सगळ्या पोरांसकट, हे पहिल्याच बैठकीत ठरवून घे. जे या अटीवर थांबतील त्यांच्याबरोबर घरोघर हिंड. मला वाटतं, चौघांतले तिघे तरी थांबतील. तू उठून आलास, त्यामुळे हे विचारायचंच राहून गेलं.

येत्या रविवारी पुन्हा बैठक आहे म्हणालास. पटाची यादी बरोबर ने, किती मुलं आहेत आणि ती कुठून येतात हे कोणाच्याच हाती नसेल. माझी सही या पत्रासोबतच्या कोऱ्या फॉर्मवर केली आहे. वरची जागा मुद्दाम सोडली आहे, तिथे त्यांच्यापैकी कुणाची तरी घे.

तुझी,
आत्या