कुरतडलेले पान : परसबागेविषयी एक पाठ

वाचकहो, शेत असो वा नसो, घरामागे चार हात मोकळी जागा खेड्यांतील पुष्कळांस असते, आणि तेथे काही लावावे अशी हौसही असते. परंतु झाड निवडताना आपण बहुधा दोनच गोष्टी पाहतो : ते दिसावयास सुंदर आहे काय, आणि त्यास कीड तर लागत नाही ना. यांपैकी दुसरी कसोटी फसवी आहे, हे आम्हांस या पाठात दाखवावयाचे आहे. ज्या झाडाचे पान कोणीच खात नाही, ते झाड पाखरांच्या दृष्टीने भिंतीवर काढलेल्या चित्रासारखे होय. त्याची सावली मिळेल, पण त्यावर कोणाचे पोट भरणार नाही.

१. पिलाचे अन्न कोणते?

चिमणी दाणे टिपते हे लहान मुलासही ठाऊक असते. तथापि अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिलास ती दाणा भरवीत नाही. पहिले काही दिवस मऊ अळ्या व बारीक किडेच भरविते. शिंजीर पक्षी फुलांतील मध पितो, पण पिलांस किडे व कोळी आणून देतो. रुंद पाने शिवून त्यांत घरटे करणारा शिंपी पक्षी तर बहुतांशी किड्यांवरच जगतो. यावरून असे दिसते की, अंगणात दाणे टाकल्याने मोठ्या पाखरांस जेवण मिळते, परंतु पिले वाढविण्यास तेवढे पुरत नाही. पान अळी खाते, अळी पाखरू खाते; ही साखळी पहिल्याच कडीत तुटली, तर पुढील सर्व कड्या आपोआप गळून पडतात.

२. देशी झाडच का?

कोणी म्हणेल, पान ते पान. झाड कोठलेही असले म्हणून काय झाले? याचे उत्तर असे. प्रत्येक झाड आपल्या पानांत काही कडू, उग्र किंवा विषारी द्रव्य साठवून आपले रक्षण करिते. त्या द्रव्यास पचविण्याची शक्ती ठराविक किड्यांस, त्या झाडाच्या सहवासात अगणित पिढ्या गेल्यावर येते. रुईचे उदाहरण घ्या. तिच्या चिकास गुरे तोंड लावीत नाहीत. परंतु केशरी पंखांच्या एका फुलपाखराची काळी-पांढरी-पिवळी पट्टेदार अळी तीच पाने खाऊन वाढते, व ते विष अंगात साठविते, म्हणून पाखरेही सहसा तिच्या वाटेस जात नाहीत. कढीपत्ता व लिंबू यांवर दुसऱ्या एका जातीच्या अळ्या असतात. लहानपणी त्या पाखराच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठेपणी हिरव्या होतात, आणि डिवचल्या असता डोक्यामागून उग्र वासाची शिंगे बाहेर काढतात. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ‘ब्लू मॉर्मन’ या निळ्या-काळ्या फुलपाखरास राज्याचे फुलपाखरू ठरविले. त्याच्या अळ्याही लिंबाच्याच कुळातील झाडांवर पोसतात. बहाव्याची पाने फिकट पिवळ्या फुलपाखराच्या हिरव्या अळ्या खातात, आणि बोरीची पाने पांढऱ्यावर काळे ठिपके असलेल्या एका चिमुकल्या फुलपाखराच्या अळ्या खातात.

याउलट गुलमोहर मादागास्करचा, निलगिरी ऑस्ट्रेलियाची, आणि घाणेरी अमेरिकेची. घाणेरीच्या फुलांवर फुलपाखरे पुष्कळ येतात, म्हणून ती उपकारक आहे असा समज होतो. परंतु ती केवळ पाहुण्यांस सरबत पाजते. त्यांच्या लेकरांस जेवू घालीत नाही. तिच्या पानांवर आपल्याकडील फारच थोड्या अळ्या वाढू शकतात, आणि ती गुरांच्या पोटात गेली तर विषबाधा होते.

याविषयी अमेरिकेत मोजमापही झाले आहे. वॉशिंग्टन शहराच्या परिसरातील घरांच्या बागांत डग्लस टॅलामी व त्यांचे सहकारी यांनी चिकडी नावाच्या लहान किडेखाऊ पक्ष्याचा अभ्यास करून २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. तो असा की, ज्या बागांत देशी झाडाझुडपांचा वाटा शेकडा ७० पेक्षा कमी होता, तेथे त्या पक्ष्याची संख्या टिकून राहण्याइतकी पिले वाढत नव्हती. तो पक्षी व ती झाडे आपल्याकडची नव्हेत. परंतु अळीवाचून पिलू नाही हा नियम दोन्हीकडे सारखाच आहे.

३. परसाची मांडणी

समजा, परस वीस फूट रुंद व तीस फूट लांब आहे. कडेने कुंपणासाठी अडुळसा, निरगुडी व करवंद ही झुडपे दोन-तीन फुटांच्या अंतराने लावावी. पहिली दोन शेळ्या सहसा खात नाहीत, तिसरीस काटे असतात. म्हणून लहानपणी राखण फार करावी लागत नाही. कोपऱ्यात पांगाऱ्याचा खुंट रोवावा. तो फांदीपासूनही रुजतो, आणि माघ-फाल्गुनात त्याच्या लाल फुलांवर मैना, बुलबुल व शिंजीर येतात. घराच्या भिंतीपासून पंधरा फुटांवर एक बहावा असावा. मोरीचे सांडपाणी जाते तेथे कढीपत्ता व लिंबू लावावे, म्हणजे उन्हाळ्यात निराळे पाणी शोधावे लागणार नाही. वड व उंबर मात्र परसात लावू नयेत, कारण त्यांची मुळे भिंती फोडतात. त्यांची जागा गावाच्या पडीत किंवा ओढ्याकाठी. खड्डे वैशाखात खणून उन्हात तापू द्यावे, आणि दोन चांगले पाऊस झाल्यावर रोपे लावावी. पाखरांस पाणी म्हणून पसरट परळ ठेवून त्यात एक दगड घालावा. मात्र ते पाणी दिवसाआड ओतून परळ घासावा, नाहीतर डासांची पैदास होईल.

४. तीन शंका

पहिली शंका : अळ्या लिंबाचे रोप फस्त करितील त्याचे काय? रोप लहान असता हे खरोखर घडते. अशा वेळी अळ्या काडीने अलगद उचलून मोठ्या कढीपत्त्यावर सोडाव्या. मोठ्या झाडास पाने पुन्हा फुटतात. शेतावर फवारलेल्या औषधाचा उरलेला पंप परसात रिकामा करण्याची चाल मात्र सर्वथा सोडावी. त्यायोगे अळी मरते, पिलू उपाशी राहते, आणि तोच कढीपत्ता आपल्या आमटीत पडतो.

दुसरी शंका : पालापाचोळा राखला तर साप येतील. ही भीती खोटी नव्हे. म्हणून दाराजवळ पाल्याचे, दगडांचे किंवा लाकडांचे ढीग करू नयेत, कारण तेथे उंदीर राहतात, व उंदरांमागे साप येतात. पाला झाडांच्या बुंध्याभोवती पातळ पसरावा. त्यात किड्यांस आसरा मिळतो, आणि जमिनीची ओलही टिकते.

तिसरी शंका मुलांविषयी. रुईचा चीक डोळ्यांत गेल्यास मोठी इजा होते. यास्तव घरात लहान मुले असतील, तर ती परसात न लावता बांधावर आहे तेथेच राहू द्यावी. उपटू मात्र नये.

आजकाल ज्यास थोडी ऐपत येते तो प्रथम परसास फरशी घालतो, कुंपण तोडून भिंत बांधितो, आणि कुंडीत न किडणारे झाड ठेवितो. मग वर्षा-दोन वर्षांनी तोच विचारितो की, चिमण्या कोठे गेल्या? त्या रुसून गेल्या नाहीत. त्यांच्या पिलांचे ताट आपण उचलले. यापुढे कुरतडलेले पान दिसले, तर ते तोडण्यापूर्वी उलटून पाहावे. आपल्या परसात कोणी जेवत आहे, याचीच ती खूण होय.

शिक्षकांनी व उपदेशकांनी विचारावयाचे प्रश्न

१. चिमणी आपल्या पिलास काय भरविते, व का?
२. घाणेरीवर फुलपाखरे दिसत असताही ती अपुरी का?
३. आपल्या गावाच्या कुंपणांत पूर्वी असलेली व आता नाहीशी झालेली पाच झाडे वडील माणसांस विचारून लिहा. त्यांपैकी एक येत्या पावसाळ्यात कोठे लावाल?